ताटाची उजवी बाजू

दीपक फोनवर म्हणाला, "मी विचारलं आईला. ती बरं म्हणाली," आणि रंगनाथच्या हातातला कप बशीत जरा जोरातच टेकला. चहा हिंदकळून बशीत आला. एवढेच झाले. पण त्या क्षणापर्यंत त्याला वाटत होते की मैनाच्या 'बरं'चा अर्थ निदान आपल्याला तरी कळतो. डिसेंबरात आलेल्या झटक्याने तिचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा केला होता आणि तिचे सगळे शब्द नेले होते. हा एकच कसा कोण जाणे मागे राहिला होता. पाणी हवे असले तरी बरं, नको असले तरी बरं. अक्षरेही गेली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला अ-आ-इ शिकवलेली ही बाई आता वर्तमानपत्र हातात धरायची आणि पावसाने ओल आलेल्या भिंतीकडे बघावे तशी त्याच्याकडे बघायची. "रविवारी गाडी घेऊन येतो," दीपक पुढे सांगत होता. "निकितानं खोली लावून ठेवलीय. इथं बोलायला शिकवणारी बाई रोज घरी येणार आहे, अप्पा. तुमच्याकडं ती आठवड्यातनं एकदा, तीही आली तर. आणि तुम्ही दिवसभर ऑफिसात." रंगनाथ म्हणाला, "बघू." "आता बघू काय? ती स्वतः म्हणाली ना." पोराच्या आवाजात विजय नव्हता, काळजीच होती, म्हणून त्याला उलट बोलणेही जड गेले.

फोन ठेवून तो आतल्या खोलीत गेला. कलाबाई मैनाची वेणी घालत होती. ती सकाळी येई, मैनाला अंघोळ घालून, भरवून, रंगनाथ संध्याकाळी परत येईपर्यंत थांबे. तो पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "मैना, तुला दीपककडं जायचंय?" ती म्हणाली, "बरं." मान हलली, डोळे त्याच्याकडेच होते. "मग इथंच राहायचंय? घरी?" "बरं." तोच सूर, तीच मान. कलाबाई वेणीला रिबीन बांधत म्हणाली, "काय ईचारता साहेब. म्या काल म्हनलं, बाई, तुमची ती मोरपंखी पैठणी मला द्या. तर बरं म्हनल्या. देता का मंग?" आणि मैना हसली. तोंडाची डावी बाजू वर गेली, उजवी जागच्या जागी राहिली. म्हणजे तिला चेष्टा कळली होती. रंगनाथला या हसण्याचीच जास्त भीती वाटली. आत सगळी मैना जागी होती आणि तिच्याकडे एकच शब्द होता, आणि ज्याला जे हवे ते तिच्याकडून त्या एका शब्दात वदवून घेता येत होते. दीपकला येत होते. त्यालाही येत होते.

त्रिंबक नाक्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा तो वत्सलाबाईंचा विचार करत होता. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात तो चित्रकार म्हणून लागला तेव्हा वत्सलाबाई तिथे प्रचार-प्रसाराच्या अधिकारी होत्या. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्राने सांगायचे, हे त्याचे काम. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर लसीकरण, हगवणीला मीठ-साखरेचे पाणी, बाळंतपण दवाखान्यात. आर्ट स्कूलमधून नुकता आलेला रंगनाथ पहिले चित्र घेऊन पाड्यावर गेला, बायकांपुढे उभे करून विचारले, "समजलं का?" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "समजला." तो खूश होऊन वळला तर वत्सलाबाई मागे कमरेवर हात ठेवून उभ्या. "समजलं का, हा प्रश्न नाही रंगनाथ, ती धमकी आहे," त्या म्हणाल्या. "सरकारी माणूस दारात उभा राहून विचारतोय, समजलं का. कोण नाही म्हणेल? तुला काय दिसतंय ते सांग, असं विचार. आणि जे सांगतील ते लिहून घे. उत्तर आवडलं नाही तरी लिहून घे." त्याने त्यानंतर कधी कोणाला 'समजलं का' असे विचारले नव्हते, दीपकला गणित शिकवतानाही नाही. आणि आज सकाळी पलंगाच्या कडेला बसून त्याने बायकोला काय विचारले होते? इथंच राहायचंय? घरी? मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. "अहो काका, हिरवा झाला. अजून किती हिरवा पाहिजे?"

खरे तर चित्रांचा प्रयोग त्याने जानेवारीतच करून पाहिला होता. पत्त्यांच्या आकाराचे पुठ्ठे कापून पाणी, चहा, भाकरी, भात, केळे, पांघरूण, पंखा, संडास, दुखते आहे अशी चित्रे काढली होती. ती मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा तिच्या उशाशी ठेवला होता. माणसांची दोनच, एक 'तू' म्हणजे ती, एक 'मी' म्हणजे तो. मैनाने पहिल्याच दिवशी 'तू' उचलले आणि पलंगाखाली टाकले. उचलून दिले, पुन्हा टाकले. डॉक्टर म्हणाले होते की अशा माणसांना चित्रेही कधीकधी कळत नाहीत, मेंदूत काय राहते आणि काय जाते याचा हिशेब आमच्याकडेही नाही. रंगनाथने डबा कपाटावर ठेवून दिला होता. त्यालाही बरेच वाटले असावे. जो माणूस आयुष्यभर चित्रांनी सांगत आला त्याला घरात एकजण चित्रांनाही दाद देत नाही, हे रोज बघण्यापेक्षा डबा कपाटावर बरा. आता संध्याकाळी परत येऊन त्याने तो खाली काढला, पुसला, मैनाच्या पुढ्यात उघडला. तिने डाव्या हाताने चित्रे चिवडली. चहाचे चित्र बाजूला काढले. मग 'तू' हाताला लागले. तिने ते डोळ्यांजवळ नेले, त्याच्याकडे पाहिले, आणि यावेळी टाकले नाही, चहाच्या बशीत पालथे घातले. कलाबाई म्हणाली, "बाईंचा राग हाय त्या चित्रावर. केळ्यावर नाय, पंख्यावर नाय. त्या बाईवरच हाय."

बशीतून त्याने ते उचलले, बनियनला पुसले आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिले. हिरवे लुगडे, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, भरलेले गाल, ओठ मिटलेले. ही त्याच्या पोस्टरांतली बाई होती. 'तू' काढायला घेतले तेव्हा हात आपोआप तिच्याकडे गेला होता, जसा सही करताना जातो. आणि ती होती मैनाच. दीपक पायात लुडबुडत होता त्या वर्षी, लसीकरणाच्या तक्त्यासाठी, भाड्याच्या खोलीतल्या खिडकीशी त्याने तिला बसवली होती. नंतर तोच चेहरा सगळ्या तक्त्यांत गेला, कारण लोकांना ओळखीचे तोंड लागते. नवीन चित्रातही जुनी बाई दिसली की ते निर्धास्त बघतात. पाड्यावर तिला 'हिरव्या लुगड्याची बाय' म्हणत. ती मुलाला डोस पाजी, हात धुई, गरोदरपणी लोहाच्या गोळ्या घेई, आणि वीस-बावीस वर्षांत तिचा एक केस पांढरा झाला नाही. मैनाचे झाले. मैनाला चष्मा लागला, ती जाडली, गुडघे धरून जिना चढू लागली. रंगनाथ दौऱ्यावरून आला की ती दारातच विचारी, "आलात का सवतीला भेटून? काय म्हणते?" आणि त्याने काही म्हणायच्या आत, "काय म्हणणार बिचारी. तुम्ही तिला तोंड दिलंय, बोलणं दिलेलं नाही. नुसतं ऐकते. बरी सापडली तुम्हाला." तो हसायचा. शाळेत चाळीस पोरांचा कलकलाट ऐकून आलेल्या बाईला गप्प बायकांचे अप्रूप वाटत असणार, एवढेच त्याला वाटायचे. आता गप्प झालेल्या मैनाच्या हातात त्याने तीच बाई आणून दिली होती आणि सांगितले होते, ही तू.

शुक्रवारी तो ऑफिसातून लवकर निघाला. मैनाला खिडकीशी खुर्चीत बसवले आणि पत्त्याएवढा कोरा पुठ्ठा घेऊन समोर स्टुलावर बसला. "हलू नको," असे सवयीने म्हणाला आणि मग त्यालाच कसेसे झाले. चेहरा काढायचा म्हणजे आधी बघावे लागते, आणि डिसेंबरपासून त्याने तिच्याकडे रोग्याकडे बघावे तसेच पाहिले होते. ताप आहे का, जेवली का, डोळे चढलेत का, असे. आता त्याने पाहिले की उजव्या गालाची सुरकुती सुटून गेली होती आणि ती बाजू पोरसवदा दिसत होती. डाव्या बाजूला सगळे वय एकवटले होते. उजवी पापणी थोडी खाली. चष्म्याची काडी सेलोटेपने बांधलेली. ओठाचा उजवा कोपरा खाली उतरलेला. तिथे त्याची पेन्सिल थांबली. खात्याचे चित्र असते तर कोणीतरी म्हणाले असते, हा कोपरा जरा सरळ घ्या, बघणाऱ्याला बरे वाटत नाही. त्याने तो जसा होता तसा काढला. केस पांढरे ठेवले. लुगडे नव्हे, तिचा नेहमीचा फुलाफुलांचा गाऊन काढला. चित्र तिच्या मांडीवर ठेवले आणि काही विचारले नाही. मैना बराच वेळ बघत राहिली. डाव्या अंगठ्याने तिने चित्रातल्या ओठाचा तो कोपरा चाचपला, मग स्वतःचा. मग ते चित्र छातीशी धरले आणि दुसरा हात चालत नसल्यामुळे तशीच धरून बसली. रात्रीच्या जेवणाला तिने स्वतः होऊन बोटाने दाखवून डबा मागवला आणि आपले नवे चित्र भाताच्या चित्राशेजारी ठेवले. मी, भात. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या हातचे पिठले खाल्ले त्या दिवशीही तो एवढा बावरला नसेल. त्याने भात वाढला. तिने ताटाच्या डाव्या बाजूचा खाल्ला. उजव्या बाजूची भाजी तशीच राहिली. झटका आल्यापासून तिला समोरचे अर्धेच जग दिसत होते. ताटाची उजवी बाजू, खोलीची उजवी बाजू, तिच्या उजवीकडे येऊन उभा राहिलेला माणूस तिच्यापुरता नसायचाच. रंगनाथने सवयीने ताट फिरवले आणि तिने उरलेले खाल्ले.

शनिवारी दुपारी त्याने दोन घरांचे चित्र काढायला घेतले. ठरले होते ते एवढेच, की दीपक येण्याआधी मैनाला तिच्या भाषेत विचारता येईल असे काहीतरी हवे. आणि नाशिकचे घर हाताखाली आपोआप येत गेले. सिडकोतले हे चार खोल्यांचे घर, निळे फाटक, त्याला कडी लागत नाही म्हणून बांधलेली तार, कुंपणाला टेकलेला शेवगा, पायरीवर कलाबाईच्या चपला, खिडकीत मैनाची खुर्ची. त्याने जलरंग काढले. भिंतीला कोवळे ऊन दिले. हे सगळे कागदाच्या डाव्या बाजूला झाले. उजव्या बाजूला चिंचवडची दीपकची इमारत. ती पाच मजली होती म्हणून पाच आडव्या रेघा, चौकोनी खिडक्या, राखी रंग. तेवढ्यात झाले. कागद वाळल्यावर त्याने तो नेहमीप्रमाणे उलटा धरून हातभर लांब नेला. उलटे धरले की घर घर राहत नाही, झाड झाड राहत नाही. नुसते वजन दिसते, डोळा कुठे ओढला जातो ते कळते. नव्या पोरांची कामे तो असेच तपासत असे आणि एका वाक्यात नापास करत असे. सगळे वजन एका अंगाला होते. दुसऱ्या अंगाला काही नव्हतेच, एक राखी ठोकळा. त्याने कागद सुलटा केला आणि मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. ती पहिलीपेक्षा वाईट होती. चिंचवडचे घर उजवीकडे होते. मैनाला ते दिसलेच नसते. तिने डावीकडच्या एकुलत्या एका घरावर बोट ठेवले असते आणि रंगनाथने उद्या पोराला सांगितले असते, बघ, तिनेच दाखवले.

तो उठून मोरीत गेला, ब्रश धुतले, पुन्हा धुतले. मी मुद्दाम केले नाही, असे त्याने स्वतःला सांगून पाहिले. ते खरेही होते. पण ताट कोण फिरवतो रोज? तिची कोणती बाजू नाही हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्याला वजनकाट्याचे चित्र आठवले. पेठकडच्या एका पाड्यावर त्याने तक्ता नेला होता. छताला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत तान्हे मूल, बाजूला सेविका आकडा वाचते आहे. काय दिसतंय असे विचारल्यावर भागीबाई नावाची एक म्हातारी पुढे आली, चित्र बघून म्हणाली, "पोराला टांगलाय. काय केला त्यानं?" सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. "आन आईस कुठं हाय त्याची? बाजारात गेली?" रंगनाथने परत येऊन झोळीखाली आईचे हात काढले, दोन्ही तळवे वर केलेले. चित्र एकदम बदलले. वत्सलाबाईंनी ते बघितले आणि म्हणाल्या, "छान. पण हात झोळीला टेकलेत. असा हात लावला तर वजन चुकेल." "मग काढून टाकू?" "काढू नको. हात खाली हवाच. पण लागलेला नको. बोटभर फट ठेव." ती बोटभर फट काढायला त्याला अख्खा दिवस लागला होता. हात इतका खाली गेला की आई बेफिकीर दिसायची, इतका वर आला की काटा खोटा. मोरीच्या कठड्याला टेकून तो उभा राहिला. बाहेर कलाबाई मैनाला सांगत होती की शेजारच्यांचे मांजर पुन्हा व्यायले. त्याला मैनाशिवाय या चार खोल्या कशा दिसतील ते दिसले, आणि ते त्याने बघून घेतले, अर्धवट सोडले नाही. मग त्याने तो कागद फाडला.

नवी चित्रे दोन वेगळ्या पुठ्ठ्यांवर काढली, एकाच मापाची, नुसत्या काळ्या रेघेत. नाशिकच्या घराला निळे फाटक द्यायचे नाही तर चिंचवडच्या घरालाही रंग नाही. शेवगा ठेवला, कारण तो आहे, मग तिथल्या गॅलरीतली निकिताची कुंड्यांची रांगही आली. मग माणसे. इथे तो स्वतः, पण फाटकातून बाहेर पडणारा, कारण दिवसभर तो नसतो हे खरे होते. आणि कलाबाई. तिथे दीपक, निकिता, आणि अजून एकजण, जिला पहिल्या चित्रात त्याने घेतलेच नव्हते. खुर्ची ओढून समोर बसलेली, तोंड उघडून उच्चार करून दाखवणारी बाई. ती बोलायला शिकवते हे चित्रातून कळावे म्हणून तिच्या ओठांपाशी त्याने बराच वेळ घालवला. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट स्वच्छ काढायची म्हणजे काय, हे तो या वयात प्रथमच शिकत होता. खात्याची सगळी चित्रे एकाच बाजूची असायची. तिथे उत्तर आधीच ठरलेले होते.

दीपक रविवारी अकराच्या सुमाराला आला. आईच्या पाया पडला, तिच्या गळ्यात पडला, कलाबाईला म्हणाला, "काय मावशी, बारीक झालात," आणि चहा घेताघेता बांधाबांध कुठून सुरू करायची ते विचारू लागला. "थांब जरा," रंगनाथ म्हणाला. त्याने मैनापुढे छोटे टेबल ओढले आणि त्यावर दोन्ही पुठ्ठे एकाखाली एक ठेवले, तिच्या डाव्या अंगाला, दोन्ही पुरते दिसतील असे. दीपक कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. "अप्पा, परीक्षा घेताय काय तिची?" "तिची नाही. चित्रांची." "अहो, पण तिनं सांगितलंय मला." "मलाही सांगितलंय," रंगनाथ म्हणाला, "इथं राहते म्हणून. आपण दोघंही पास झालोय. बस तू. आणि मध्ये बोलू नको. मीही बोलणार नाही." त्याने मैनाच्या डाव्या हातात घराची किल्ली दिली. तिने ती उलटसुलट केली आणि शेवगा असलेल्या घरावर ठेवली. मग दीपक आणि निकिताच्या लग्नातला फोटो दिला. तो तिने कुंड्यांच्या घरावर ठेवला, आणि बोट फोटोवरून खाली उतरवून त्या खुर्चीतल्या बाईपाशी नेले. तिच्या उघड्या तोंडाशी ते थांबले. मैनाने स्वतःचे तोंड तसे उघडून पाहिले. आवाज आला नाही. दीपकने मान वळवली.

रंगनाथने किल्ली आणि फोटो उचलले. शुक्रवारी काढलेला तिचा चेहरा तिच्या हातात दिला. "तू कुठं?" एवढेच म्हणाला. आवाजाला उतार-चढाव येऊ नये म्हणून त्याने तो जवळजवळ ऑफिसातल्यासारखा काढला. ती बघत राहिली. एका घराकडे, मग दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. तिची नजर शेवग्यावर रेंगाळली असे त्याला वाटले आणि त्याने आपले हात मांडीवर दाबून धरले. मैनाने आपला चेहरा चिंचवडच्या घरावर ठेवला, खुर्चीतल्या बाईच्या समोर, अगदी नेमका, पोर बाकावर बसते तसा. पाड्यांवर या टप्प्याला तो चित्रांची जागा बदलत असे. वरचे खाली, खालचे वर, कारण काही माणसे नुसते वरचे दाखवतात. त्याने पुठ्ठे बदलले. चेहरा पुन्हा तिच्या हातात दिला. या वेळी तिने विचारही केला नाही. चेहरा चिंचवडवर ठेवला, त्यावर तळवा दाबला, आणि रंगनाथकडे अशी पाहू लागली, जशी वर्गात तेच ते विचारणाऱ्या पोराकडे बघत असेल. त्याला हसू आले. ती त्याला सोडून जात नव्हती. ती शाळेत जात होती. पहिलीत. हे त्याला आधी सुचायला हवे होते, पण त्याच्या चित्रात ती बाईच नव्हती तर सुचणार कुठून?

"झालं ना अप्पा," दीपक हळूच म्हणाला. मैनाचे झाले नव्हते. तिने डबा पुढे ओढला, चित्रे टेबलभर ओतली, केळे, पंखा, पांघरूण बाजूला सारले आणि 'मी' शोधून काढले, चष्मा आणि मिशीवाला रंगनाथ. तो तिने शेवग्याच्या घरावर ठेवला. ठामपणे. "तुम्हाला नेत नाही ती," दीपक म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्याला थोडा घाबरला. "नोकरी आहे माझी," रंगनाथ म्हणाला, "तिला माहीत आहे." पण मैनाने त्याचे चित्र पुन्हा उचलले. टेबलावरून घसटत दुसऱ्या घरापर्यंत नेले, परत आणले, पुन्हा नेले. मग दोन पुठ्ठ्यांच्या मधल्या उघड्या लाकडावर बोट ठोकले. ठक, ठक. तिथे काही नव्हते. तिने भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिले, तिथे काही नाही याची जबाबदारी त्याची आहे असे. त्याने पेन्सिल घेतली, एका कोऱ्या पुठ्ठ्यावर एसटी काढली, लाल रंग दिला, मागे टपावर चढायची शिडी. मधल्या जागेत ठेवली. मैनाने त्याला उचलून एसटीत बसवले. "येईन की," तो म्हणाला. "दर रविवारी येईन. सुट्टीच्या दिवशीही येईन." दीपक म्हणाला, "शनिवारी रात्रीच निघत जा ना, अप्पा."

मग जे सुरू झाले त्यात बांधाबांध मागे पडली. रंगनाथच्या ध्यानात आले की डब्यातली निम्मी चित्रे तिथे उपयोगाची नाहीत. मैनाला तिथल्या मोरीचे, तिथल्या पंख्याच्या बटणाचे, तिथल्या कपाचे चित्र लागेल. "दीपक, तुमच्याकडं चहाचे कप कसे आहेत?" दीपकने विचार केला. "कप म्हणजे... कपासारखे." "कान मोठा आहे की लहान? रंग?" "पांढरे असावेत." "पंखा कुठल्या बटणाला लागतो? वरून कितवं?" "अप्पा, मी हात लावतो तो लागतो." कलाबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, "सोताच्या घरात पावना हाय तुमचा पोरगा." शेवटी दीपकने घरी फोन लावला आणि बाहेरच्या खोलीतून निकिताला एकेक विचारून ओरडून सांगू लागला. कपांवर निळी रेघ आहे. बादली हिरवी. तिसरे बटण, पण चौथेही चालते म्हणते. तिच्या हसण्याचा आवाज रिसीव्हरमधून इथपर्यंत येत होता. रंगनाथ भराभर काढत होता आणि मैना प्रत्येक चित्र घेऊन बघत होती, घरी नवी भांडी आली की एकेक वाजवून बघतात तशी. डॉक्टर, भाजी, गॅलरी, निकिता रागावली, निकिता हसली. 'नको' असे एक चित्र तिने मागून घेतले. म्हणजे तिने सगळी चित्रे पुढे ढकलून तोंड फिरवले आणि तो तसेच काढू लागला, तोंड फिरवलेली मैना.

शेवटी स्वतःचे राहिले. तिथे न्यायच्या नव्या डब्यात फाटकातून बाहेर पडणारा रंगनाथ चालणार नव्हता. त्याने एसटीतून उतरणारा काढला, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, हातात पिशवी. मैनाने ते घेतले आणि पिशवीवर बोट ठेवले. "कपडे," तो म्हणाला. बोट हलले नाही. तिने केळ्याचे चित्र शोधून पिशवीवर ठेवले आणि लगेच उचलले. पुन्हा ठेवले, पुन्हा उचलले, आणि मग नव्या चित्रांतले तोंड फिरवलेले चित्र केळ्यावर टाकले. केळे नको. पण केळ्यासारखे काहीतरी. फळ. रंगनाथने खिडकीबाहेर पाहिले. फेब्रुवारी होता, निफाडला भावाच्या मळ्यात द्राक्षांची तोडणी चालू असणार. त्याने पिशवीच्या तोंडाशी तीन बारीक गोल काढले आणि थांबला. मैनाने केळ्याचे चित्र जुन्या डब्यात टाकून झाकण लावले आणि पिशवीतल्या उरलेल्या जागेवर नख टेकवले, भर म्हणून.

बाहेर दीपकने गाडीची डिकी उघडली होती आणि चाकांची खुर्ची कशी घालावी यावर कलाबाई त्याला सल्ला देत होती. अंधार पडायच्या आत निघायचे ठरले होते. द्राक्षाचा घड काढायचा म्हणजे एकेक मणी वेगळा काढावा लागतो, प्रत्येकावर उजेडाचा एक ठिपका सोडावा लागतो, नाहीतर दुरून तो नुसता डाग दिसतो. रंगनाथने पेन्सिलीला टोक केले, स्टूल मैनाच्या डाव्या अंगाला सरकवले आणि चौथा मणी काढायला घेतला. त्याने घाई केली नाही.